वानवळा : कार्तिक-मार्गशीर्षातील परसबाग

आपल्या भाषेत ‘वानवळा’ म्हणून एक लहानसा परंतु मोठा अर्थपूर्ण शब्द आहे. शेतात अथवा परसात नवे पीक हाती आले म्हणजे त्यातील ओंजळभर शेजारीपाजारी, सोयरेधायरे, लेकीचे सासर असे आठवणीने पोचते करावयाचे, ह्या वाटणीस वानवळा म्हणतात. ती विक्री नव्हे आणि दानधर्मही नव्हे. ‘आमच्याकडे यंदा हे असे आले आहे, आपणही चाखून पाहा,’ एवढाच निरोप त्या ओंजळीत असतो. नाशिकच्या घरगुती बागांमध्ये ह्या वाटणीचा खरा हंगाम म्हणजे कार्तिक आणि मार्गशीर्ष हे दोन महिने होत. ह्या दिवसांत बागेत काय येते, ते ह्याच दिवसांत का येते, आणि वानवळ्याच्या पिशवीत भाजीबरोबर आणखी काय घातले पाहिजे, ह्याविषयी आज दोन शब्द सांगावयाचे आहेत.

नाशिकचे आणि बागांचे नाते जुने आहे. मोगल अमदानीत ह्या शहरास गुलशनाबाद, म्हणजे फुलबागांचे नगर, असे नाव होते. पंचवटीतील व जुन्या नाशकातील वाड्यांना मागे परस असे. त्यात विहीर, तुळशीवृंदावन, आळूचे वाफे आणि कुडावर चढविलेला घेवडा असे. आज पुष्कळ कुटुंबे सदनिकांत राहतात. परस गेले, तरी बाग गेलेली नाही; ती गच्चीवर आणि सज्जात जाऊन बसली आहे. कुंड्या, जुने पिंप, फुटकी बादली, खिडकीच्या गजांना बांधलेली सुतळी एवढ्या भांडवलावर तुळशीच्या लग्नाच्या सुमारास घरोघर काहीतरी तोडण्याजोगे झालेले असते. वालपापडी, वांगी, मिरच्या, टोमॅटो, कोवळी मेथी आणि मुळा. ज्यांच्याकडे थोडी जमीन आहे त्यांच्याकडे आवळे, पेरू, लिंबे, भोपळा आणि कोहळा. आणि देवापुढे ठेवण्यास शेवंती व झेंडू.

आपले सणवारही ह्या टोपलीकडे पाहूनच बसविलेले दिसतात. कार्तिक शुद्ध नवमीस कोहळ्याचे दान सांगितले आहे, कारण तेव्हा तो पिकून त्यावर पांढरी साय धरलेली असते. कार्तिकात आवळीखाली भोजन करावयाचे, तर झाड फळांनी लवलेले असते. चातुर्मासात वांगे वर्ज्य मानणाऱ्या घरांत मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीस, म्हणजे चंपाषष्ठीस, खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य होतो; आणि थंडीतील वांग्याची गोडी तर सर्वांच्या परिचयाची आहे.

ह्या हंगामाचे कारण आधी हवेत शोधले पाहिजे. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या पूर्व उतारास वसले आहे. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्याच्या आसपास नैर्ऋत्य मोसमी वारे माघार घेतात आणि आकाश निवळते. ढग हे रात्रीच्या वेळी पृथ्वीवर घातलेल्या गोधडीसारखे असतात. ती गोधडी निघाली आणि हवा कोरडी झाली की दिवसा तापलेली जमीन आपली उष्णता रात्री झपाट्याने आकाशात सोडून देते. म्हणून दुपारी ऊन चटका देते आणि पहाटे शाल ओढावी लागते. थंड हवा जड असल्यामुळे ती पाण्याप्रमाणे उतारावरून सखल जागी उतरते व तेथे साचून राहते. गोदाकाठच्या सपाट निफाड तालुक्यात पारा किती खाली गेला, ही वार्ता दर हिवाळ्यात वर्तमानपत्रांतून येते. पाच-सहा अंशांपर्यंत तो तेथे अनेकदा उतरला आहे. एकाच शहरात नदीकाठचे अंगण आणि टेकाडावरची गच्ची ह्यांच्या पहाटेत जो फरक जाणवतो, त्याचेही कारण हेच.

ह्या थंडीचा झाडांवर होणारा परिणाम सरसकट एक नसतो. मेथी, पालक, मुळा, गाजर, कोथिंबीर ह्यांस ही हवा मानवते. पालक आणि मेथी दिवस वाढू लागले व ऊन तापू लागले की पानांचा नाद सोडून फुलोऱ्यास जातात. आता दिवस आखूड आणि हवा थंड असल्यामुळे ती पुष्कळ काळ पाने देत राहतात. कोथिंबीर पेरताना धणे चोळून दोन करावेत, कारण ज्यास आपण एक धणा म्हणतो त्या फळात वस्तुतः दोन बिया असतात. मुळा आणि गाजर जागच्या जागीच पेरावीत; रोप उपटून लावल्यास मूळ फाटते.

टोमॅटोची गोष्ट निराळी आहे. रात्रीचे तापमान दहा-बारा अंशांच्या खाली राहू लागले की फूल गळते, फळ धरत नाही. आणि जे फळ धरले आहे त्यात लाल रंग तयार होण्याचे काम मंदावते. पौषात कुंडीतील टोमॅटो आठवडेच्या आठवडे हिरवेच राहिले, तर खतात काही उणे पडले असे समजून खत ओतू नये. पांढरट झालेले, पूर्ण वाढीचे फळ देठासह तोडून स्वयंपाकघराच्या उबेत ठेवावे. ते तेथे रंग धरते.

दवाचीही नोंद घेतली पाहिजे. नाशिकचा द्राक्षबागायतदार ऑक्टोबर छाटणीनंतर पहाटे उठून पान किती ओले आहे हे हाताने पाहतो, ते हौसेखातर नव्हे. ओल्या पानावर केवडा रोग पसरतो आणि पुढे कोरड्या थंडीत भुरी येते. घरच्या बागेसही हाच नियम लागू आहे. पाणी सकाळी घालावे व ते मुळाशी घालावे. संध्याकाळी पानांवर शिंपडलेले पाणी रात्रभर वाळत नाही आणि रोगास आमंत्रण देते.

आता ह्या हंगामाच्या मुख्य मानकऱ्याकडे, म्हणजे वालाच्या वेलाकडे वळू. कोणी त्यास घेवडा म्हणतात, कोणी वालपापडी. पावटा हाही त्याच कुळीचा. ह्या वेलाविषयी जितकी तक्रार ऐकू येते तितकी दुसऱ्या कशाविषयी क्वचितच येत असेल. जूनमध्ये बी टोकावे, श्रावणापर्यंत वेल गच्चीचा कठडा व्यापून टाकतो, भाद्रपदात शेजारच्या तारांवर चढतो, आणि फूल म्हणाल तर एकही नाही. पुष्कळ माणसे ह्याच वेळी कंटाळतात. ‘वेल वांझ निघाला’ असे म्हणून तो मुळासकट काढून टाकतात. फुलावर येण्यास अवघे चार-सहा आठवडे उरलेले असताना वेलास मिळणारा हा दंड अन्यायाचा आहे. कारण तो वांझ नसतो, रात्र मोठी होण्याची वाट पाहत असतो.

ह्याचा उलगडा शास्त्रज्ञांस झाला तो एका तंबाखूच्या झाडावरून. अमेरिकेच्या शेतकी खात्यातील गार्नर व अ‍ॅलर्ड ह्या दोघांस असे आढळले की, मेरिलँड मॅमथ नावाची तंबाखू उन्हाळ्यात शेतात माणसापेक्षा उंच वाढते, पण फुलत नाही. तीच हिवाळ्यात काचघरात लहान असतानाच फुलते. त्यांनी ऐन उन्हाळ्यात काही रोपे रोज दुपारनंतर अंधाऱ्या खोलीत नेऊन ठेवली, ती फुलली. झाडे दिवसाची लांबी ओळखतात, हा निष्कर्ष त्यांनी १९२० साली प्रसिद्ध केला. पुढे १९३८ साली हॅमनर व बॉनर ह्यांनी एका रानटी झुडपावर प्रयोग करून दाखविले की, अशी झाडे वास्तविक दिवस मोजत नाहीत, रात्र मोजतात. मोठ्या रात्रीच्या मध्यावर थोडा वेळ दिवा लावला तरी त्यांचा हिशेब चुकतो आणि फुले येत नाहीत. हे मोजमाप पानात होते, आणि तेथून फुलण्याचा संदेश शेंड्याकडे जातो.

वालाची जुनी वाणे ह्याच वर्गातील आहेत. नाशिक सुमारे वीस अंश उत्तर अक्षांशावर आहे. येथे जूनच्या अखेरीस दिवस सव्वातेरा तासांहून थोडा मोठा असतो, आणि डिसेंबरच्या अखेरीस तो अकरा तासांहून किंचित लहान होतो. २३ सप्टेंबरच्या सुमारास दिवस-रात्र समान होतात. त्यापुढे रात्र मोठी होत जाते आणि वालाच्या वेलास इशारा मिळतो. म्हणून दसरा-दिवाळीच्या दरम्यान पांढरे अथवा जांभळे तुरे उभे राहतात, आणि कार्तिकापासून शेंगा लागतात त्या माघ-फाल्गुनापर्यंत चालतात. ह्याउलट ज्यास आपण श्रावणघेवडा म्हणतो, तो अमेरिका खंडातून आलेला पाहुणा आहे. त्याच्या बहुतेक जातींस दिवस-रात्रीच्या लांबीचे सोयरसुतक नसते. पेरल्यापासून दोन महिन्यांच्या आत तो शेंगा देतो आणि आटोपतो. त्यास श्रावणाचे नाव मिळाले ते ह्या लवकर येण्यामुळेच.

हे तत्त्व एकदा ध्यानी आले म्हणजे त्यातून उपयोगाच्या तीन गोष्टी निघतात. पहिली अशी की, वेल जूनमध्ये लावला काय किंवा ऑगस्टमध्ये लावला काय, फुलण्याची वेळ जवळजवळ तीच राहते. मध्यंतरीच्या काळात केवळ पाला वाढतो. ज्यांच्याकडे अंगण आहे त्यांनी खुशाल जूनमध्ये लावावा. ज्यांची बाग सज्जापुरती आहे त्यांनी ऑगस्टमध्ये बी टोकावे. वेल आटोपशीर राहील आणि शेंगा मात्र वेळेवर येतील. दुसरी गोष्ट अशी की, भाद्रपदात फूल दिसत नाही म्हणून नत्राचे खत घालू नये. वालाच्या मुळांवरील गाठींत हवेतील नत्र धरणारे जंतू राहतात, त्यामुळे त्यास नत्राची वाण सहसा पडत नाही. वर आणखी खत घातल्यास पाला माजतो. शेंडे मात्र खुडावेत, म्हणजे बगलफांद्या फुटून तुरे अधिक येतात. तिसरी गोष्ट खास शहरवासीयांकरिता. वेलावर रात्रभर रस्त्याच्या दिव्याचा प्रखर उजेड पडत असेल, तर त्याच्या दृष्टीने रात्र होतच नाही. दिव्याजवळची सोयाबीनची झाडे, शेतातील इतर झाडे पिकून वाळली तरी हिरवीच उभी राहतात, हे शेतकऱ्यांनी पाहिलेले आहे. आणि शेवंतीचे व्यापारी बागाईतदार तर दिवे लावून फुले लांबवितात व काळे कापड घालून ती लवकर आणतात. तेव्हा वालाची व शेवंतीची कुंडी घराच्या अंधाऱ्या बाजूस ठेवावी.

तुऱ्यांवर काळा मावा बसतो. त्याची चाहूल मुंग्यांच्या रांगेवरून लागते. प्रारंभीच पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने तो धुऊन काढावा, किंवा निंबोळीचा अर्क मारावा. ठिपक्यांचे लाल किडे दिसल्यास त्यांस मारू नये. ते माव्यावरच जगतात.

येथवर जे सांगितले ते पुस्तकांतून शिकता येण्याजोगे आहे. परंतु आपल्या गच्चीवर वेल नेमका कोणत्या आठवड्यात फुलतो, भिंतीच्या सावलीने किती दिवस मागे पडतो, कोणत्या बियाण्यावर मावा कमी येतो, हे कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नसते. एका घरी एक वेल, आणि वर्षातून एक हंगाम. ह्या हिशेबाने दहा अनुभव गोळा करण्यास दहा वर्षे लागतील. परंतु आळीतील दहा घरांनी आपापले वर्तमान एकमेकांस सांगितले, तर तेच दहा अनुभव एका हिवाळ्यात मिळतात. वानवळ्याबरोबर बातमीही गेली पाहिजे, ती ह्याकरिता.

ही कल्पना नवी नाही. कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोळकर ह्यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘प्रयोग परिवार’ उभा केला तो ह्याच पायावर. प्रत्येक शेतकऱ्याने आपल्या जमिनीवर स्वतः प्रयोग करावा, डोळे उघडे ठेवून नोंद करावी, आणि ती इतरांस मोकळेपणी सांगावी, हा त्यांचा आग्रह होता. पाच माणसांच्या कुटुंबास दहा गुंठे जमीन, नीट विचाराने कसल्यास, पुरी पडू शकते असे ते मांडीत. महाराष्ट्रातील अनेक द्राक्षबागायतदार ह्या देवाणघेवाणीत सामील झाले होते. द्राक्षाच्या बागेस जे उपयोगी पडले, ते आपल्या कुंडीस का उपयोगी पडू नये?

बातमी कशी द्यावी, ह्याचेही थोडे शास्त्र आहे. ‘आमचा वेल फार छान आला’ ह्या वाक्याने ऐकणाऱ्यास काही कळत नाही. बी केव्हा टोकले, ऊन किती तास मिळते, पहिले फूल केव्हा आले, पहिली तोड केव्हा झाली, कीड कोणती पडली, एवढ्या पाच गोष्टी कागदाच्या चिठोऱ्यावर लिहून शेंगांबरोबर द्याव्यात. मात्र तिथीबरोबर इंग्रजी तारीखही घालावी. आपले महिने चंद्राचे आहेत आणि वेलाचा हिशेब सूर्याचा आहे. अधिक मास आला की आपले सण पुढे सरकतात. २०२३ साली दसरा २४ ऑक्टोबरला आला होता. २०२५ साली तो २ ऑक्टोबरलाच आला. वेल दोन्ही वर्षी आपल्या वेळेसच फुलला असला, तरी ‘दसऱ्याला फुले होती की नव्हती’ असे विचारणारास एका साली तो वेळेवर वाटेल आणि दुसऱ्या साली आळशी ठरेल.

वानवळ्यात घालावयाची तिसरी वस्तू म्हणजे बी. आणि माझ्या मते ह्या साऱ्या प्रकरणात तीच सर्वांत मोलाची आहे. संशोधकांनी वालाच्या ठेंगण्या, कोणत्याही ऋतूत फुलणाऱ्या सुधारित जाती काढल्या आहेत. त्या उपयुक्तच आहेत. परंतु दरवर्षी दुकानातून पुडी आणण्याची सवय लागली की घरच्या बरणीतील बी मागे पडते. जांभळ्या कडेची शेंग, रुंद पांढरट शेंग, काळे बी, तांबूस बी, असे कितीतरी प्रकार एकेका गावापुरते, कधी एकेका घरापुरतेच उरलेले असतात. ते घर बदलले, वृद्ध आजी गेल्या, आणि दोन हिवाळे कोणी बी टोकले नाही, म्हणजे ते वाण कायमचे गेले. ते कोणत्याही बाजारात पुन्हा विकत मिळणार नाही.

ह्याचे महत्त्व ज्यांनी ओळखले त्या बाई नाशिकपासून फार दूरच्या नाहीत. सिन्नर व इगतपुरी तालुक्यांना लागून अहिल्यानगर जिल्ह्याचा अकोले तालुका आहे; तेथील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे. शाळेचे तोंड न पाहिलेल्या ह्या शेतकरी बाईंनी आसपासच्या गावांतून गावरान बी मिळवून, लावून, वाढवून सांभाळले. त्यात घेवड्याची आणि वालाची वाणे पुष्कळ आहेत. लोक त्यांस ‘बीजमाता’ म्हणतात. भारत सरकारने २०२० साली त्यांस पद्मश्री जाहीर केली. त्यांच्या कामाचे मर्म असे की, बी पेटीत कुलूप लावून जगत नाही. ते पेरले, वाटले आणि दुसऱ्याच्या अंगणात वाढले तरच टिकते. एका घरचा वेल किडीने गेला, तर ज्यास आपण बी दिले त्याच्याकडून ते परत मागता येते.

मात्र प्रत्येक भाजीचे बी सारख्याच भरवशाने देता येत नाही. वाल आणि टोमॅटो ह्यांच्या फुलांत बहुतांशी स्वतःच्याच परागाने फळ धरते. म्हणून त्यांचे बी बहुधा आईच्या वळणावर जाते. भोपळा, दुधी, काकडी ह्यांची नर-मादी फुले वेगळी असतात आणि मधमाश्या एका अंगणातील पराग दुसऱ्या अंगणात नेतात. त्यांचे बी काय निघेल ह्याचा नेम नसतो. अशा बियांपासून आलेला दुधी किंवा काकडी कडू लागल्यास तो पदार्थ तसाच टाकून द्यावा. तो कडवटपणा विषारी असतो. आणि संकरित जातीचे बी पुढल्या पिढीत फुटून निरनिराळे निघते, म्हणून ते देऊ नये.

वालाचे बी धरावयाचे तर हंगामाच्या शेवटी राहिलेल्या, किडक्या शेंगांचे धरू नये. ऐन बहरातील निरोगी वेल पाहून त्यावरच्या उत्तम शेंगांस दोरा बांधावा, आणि कितीही मोह झाला तरी त्या भाजीसाठी तोडू नयेत. शेंग वेलावरच वाळून खुळखुळू लागली म्हणजे काढावी, बी सोलून सावलीत आणखी वाळवावे, आणि कोरडी चाळलेली राख मिसळून घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवावे. राखेने भुंग्याचा उपद्रव कमी होतो. बरणीवर वाणाचे नाव, वर्ष आणि ते ज्यांच्याकडून मिळाले त्यांचे नाव लिहावे.

लवकरच भोगी येईल. वालपापडी, वांगी, गाजर, ओला हरभरा आणि तीळ ह्यांची मिसळीची भाजी व बाजरीची भाकरी घरोघर होईल. दुसऱ्या दिवशी संक्रांतीस सुगडांत हेच हिवाळ्याचे धन भरून सुवासिनी एकमेकींस देतील, आणि रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाला वाण लुटले जाईल. आपल्या भाषेत ‘वाण’ म्हणजे सुवासिनीस द्यावयाची भेट, आणि ‘वाण’ म्हणजेच बियाण्याची जात. शब्द दोन असतील, पण ह्या वर्षी ते एका पुडीत बांधता येतील. बाजारातील प्लॅस्टिकच्या डबीऐवजी घरच्या वेलाचे पाच दाणे, आणि त्यावर ते केव्हा टोकावेत ह्याची एक ओळ, एवढे वाण ज्या घरातून जाईल, त्या घरचा वेल पुढल्या कार्तिकात दहा गच्च्यांवर फुललेला दिसेल.